घर विकणाऱ्याचे कर्तव्य, घेणाऱ्याची दक्षता

स्वतःचे घर घेणे हा सर्वसामान्य कुटुंबाच्या जीवनातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होय. आयुष्यभराची पुंजी त्यात गुंतते, कर्जाचे हप्ते पुढे अनेक वर्षे चालू राहतात. असे असूनही, ‘एकदा खरेदीखत झाले की जे निघेल ते घेणाऱ्याचे नशीब’ हा समज आपल्याकडे दृढ आहे. कायद्याला हा समज मान्य नाही.

विक्रेत्याची कर्तव्ये

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मध्ये विक्रेत्याची कर्तव्ये दिली आहेत. त्यांपैकी तीन विशेष महत्त्वाची आहेत. पहिले, मालमत्तेत किंवा आपल्या मालकी हक्कात असलेला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, परंतु खरेदीदारास ठाऊक नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो त्याने आपणहून सांगितला पाहिजे. दुसरे, खरेदीदाराने मागणी केल्यास मालकीची कागदपत्रे तपासणीसाठी दाखविली पाहिजेत. तिसरे, मालमत्तेविषयी व हक्काविषयी विचारलेल्या सर्व संबद्ध प्रश्नांची आपल्या माहितीप्रमाणे उत्तरे दिली पाहिजेत. पायातील दोष वरून गिलावा करून झाकणे, वडिलोपार्जित घरातील बहिणीचा हिस्सा दडविणे हे प्रकार या कर्तव्याशी विसंगत आहेत. दोष सांगण्याचे टाळणे ही फसवणूक होय, असे हेच कलम स्पष्टपणे म्हणते. विक्रीच्या तारखेपर्यंतचे शासकीय कर व आकार भरण्याची जबाबदारीही विक्रेत्यावरच आहे.

कायद्याची मर्यादा

तथापि हे संरक्षण सर्वव्यापी नाही. भिंतीची उघड दिसणारी भेग सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. मालमत्तेसंबंधीच्या नोंदणीकृत दस्ताची माहिती खरेदीदारास आहे, असे कायदा सामान्यतः गृहीत धरतो. म्हणूनच दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींचा शोध घेणे अगत्याचे ठरते. शिवाय ही कर्तव्ये विरुद्ध करार नसेल तरच लागू होतात. ‘आहे त्या स्थितीत’ अशा अर्थाची अट साठेखतात असल्यास तिचा परिणाम वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

नवीन सदनिका

बांधकाम व्यावसायिकाकडून सदनिका घेताना नियम अधिक कडक आहेत. मालकी हक्क व बोजे यांची पूर्ण व खरी माहिती देण्याचे बंधन सदनिकांविषयीच्या १९६३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने प्रवर्तकावर घातले. पुढे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये नोंदणीपात्र प्रकल्पाचे मंजूर नकाशे, चटई क्षेत्र, जमिनीचे हक्क यांची माहिती प्राधिकरणाकडे देणे व ती सर्वांस पाहण्यास खुली असणे आवश्यक झाले. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या रचनेतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो विनाशुल्क दूर करावयाचा असतो. एका रहिवाशाने दुसऱ्यास विकलेल्या जुन्या घराचा आधार मात्र प्रामुख्याने १८८२ चा अधिनियमच राहतो.

गावपातळीवर

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. सात-बारावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास हस्तांतरणावर निर्बंध असतात. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही. या बाबी ग्रामस्थांस वेळीच समजावून देण्याचे काम पंचायत सदस्य व शिक्षक सहज करू शकतील.

विचारावे, तेही लेखी

विक्रेत्याने आपणहून सांगावयाचे ते छुपे दोष. बाकीचे विचारल्यावर सांगावयाचे. म्हणून विसार देण्यापूर्वीच प्रश्न लिहून द्यावेत: घरावर कर्ज आहे काय? दावा प्रलंबित आहे काय? वारस किती? भाडेकरू आहे काय? कोणती नोटीस आली आहे काय? उत्तरेही सहीनिशी लेखी घ्यावीत. उद्या वाद उद्भवल्यास विक्रेत्यास काय ठाऊक होते, हे न्यायालयात सिद्ध करण्यास तो कागद उपयोगी पडेल. प्रामाणिक विक्रेत्यासही त्यात हितच आहे. ज्याने सर्व सांगितले, त्याच्यावर लपविल्याचा आरोप टिकणार नाही.