दोनशे पट

मातीच्या नमुन्यावर ओठाची कड एक मिलिमीटर सरकली, तर केवडियाच्या पुतळ्यावर ती वीस सेंटिमीटर सरकते. शिल्पकार राम सुतारांच्या हाती सरदार पटेल आधी ३ फुटांचे होते, मग १८ आणि मग ३० फुटांचे झाले. २०१८ साली नर्मदेच्या पात्रात उभे राहिले ते १८२ मीटरचे, म्हणजे ५९७ फुटांचे. पहिल्या नमुन्याच्या जवळजवळ दोनशे पट! दिल्लीकरांच्या हिशेबात सांगायचं तर अडीच कुतुबमिनार.

आणि ही झाली नुसती उंची. पृष्ठभाग वाढतो चाळीस हजार पट, घनफळ ऐंशी लाख पट. गंमत म्हणून हाडामांसाच्या माणसाचं गणित करून पाहा. १७० सेंटिमीटर उंचीचा, ७० किलोचा गृहस्थ त्याच प्रमाणात १८२ मीटरचा केला, तर त्याचं वजन भरेल ८५ हजार टनांच्या वर. तळव्यांचं क्षेत्रफळ मात्र वाढेल जेमतेम साडेअकरा हजार पट, म्हणजे तळव्यांवरचा दाब शंभरपटीहून जास्त. बिचारा उभाच राहू शकणार नाही.

म्हणूनच उंच पुतळ्यांना खाली घेर देतात. न्यूयॉर्कच्या लिबर्टीचा पायघोळ झगा आठवा. सरदारांना धोतर, तेही चालण्याच्या पवित्र्यात, दोन पावलांत चांगलं अंतर ठेवून. पायाशी सडपातळ आणि वर रुंद, असा उलटा कारभार. शिल्पकार अडून बसला की इंजिनिअरांची झोप उडते ती अशी. दोन्ही पायांतून काँक्रीटचे गाभे वर नेले. लिफ्ट त्यांतूनच छातीपाशी, १५३ मीटरवरच्या गॅलरीत पोचते. वाऱ्याने येणारा झोक आवरायला आत अडीचशे टनांची दोन वजनं बसवली आहेत. काँसं म्हणजे नुसतं कातडं. त्याची साडेपाचशेच्या वर पॅनेलं चीनमध्ये ओतून आणली.

सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जन्म १९२५ चा, सुताराच्या घरातला. जे. जे.मध्ये १९५३ साली मेयो पदक, मग काही वर्षं वेरूळ-अजिंठ्याच्या भंगलेल्या मूर्तींची डागडुजी, १९५९ पासून दिल्ली आणि पुढे नॉयडा. कैलास लेण्यापाशी काम केलेल्या माणसाला मोठ्या मापाची भीती कशाला वाटेल?

माप चुकलं की काय होतं, हे अमेरिकन शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंचला कळलं होतं. वॉशिंग्टनमधला त्याचा बसलेला लिंकन आधी दहा-बारा फुटांचाच ठरला होता. पण स्मारकाच्या प्रचंड दालनात तो हरवला असता. मग त्याला १९ फुटांचा केला, संगमरवराचे २८ ठोकळे जोडून. सुतारांचे संसदेच्या आवारातले बसलेले गांधी १६ फुटांचे. मला विचाराल, तर सुतारांचा हात दिसतो तो इथेच. चेहरा मान फार न ताणता वाचता येतो. केवडियाला नुसता चेहराच ७० फुटांचा, सात मजली इमारतीएवढा, आणि तो पाहायला लांब मागे सरकावं लागतं.

डिसेंबर २०२५ मध्ये, शंभरी ओलांडून सुतार नॉयडातल्या घरी वारले, तेव्हा मुंबईत इंदू मिलच्या जागेवरचा त्यांचा बाबासाहेबांचा ३५० फुटी पुतळा पूर्ण व्हायचा होता. त्याचा नमुना २५ फुटांचा. म्हणजे इथला गुणाकार फक्त चौदाचा.