खोळंब्याचे अर्थशास्त्र

प्रवास म्हटला की आपल्या मनात वेगाचा विचार प्रथम येतो. वस्तुतः आधुनिक प्रवासाचा मोठा भाग थांबण्यातच जातो. निफाड तालुक्यातील अनेक घरांतील मुलेमुली आज शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी आहेत. त्यांना भेटावयास निघालेले आईवडील मुंबईहून विमानात बसतात आणि दुबई, दोहा किंवा सिंगापूर येथे दुसऱ्या विमानाची वाट पाहत सहा-सहा, आठ-आठ तास बसून राहतात. या वेळेचे करावयाचे काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. तथापि त्याचा थोडा खोलात जाऊन विचार केला, तर तो विमानतळापुरता राहत नाही. लासलगावच्या बाजार आवारापर्यंत येऊन पोहोचतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ साली वेळेच्या विनियोगासंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्याही वस्तूची खरी किंमत केवळ पैशात मोजून चालत नाही, ती मिळविण्यासाठी व उपभोगण्यासाठी लागणारा वेळही तिच्या किमतीचाच भाग होय, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. स्वस्त तिकिटाच्या मोहाने जो प्रवासी मध्ये दहा तासांचा मुक्काम पत्करतो, तो पैसे वाचवितो हे खरे. पण त्या बदल्यात आपले दहा तास देतो. हा सौदा किफायतशीर ठरला की नाही, हे त्या दहा तासांत त्याने काय केले यावर अवलंबून आहे.

दुसऱ्याच्या थांबण्यात आपला व्यापार असतो, हे जगाने लवकरच ओळखले. दुसऱ्या महायुद्धानंतर अटलांटिक महासागर ओलांडणारी विमाने इंधनासाठी आयर्लंडमधील शॅनन येथे उतरत. तेवढा वेळ प्रवासी रिकामे असत. १९४७ साली आयर्लंडने कायदा करून हा विमानतळ जकातमुक्त केला आणि ब्रेंडन ओ'रेगन यांच्या पुढाकाराने तेथे जकातमुक्त दुकान उभे राहिले. पुढे जेट विमानांना तेथे थांबण्याची गरज उरली नाही, तेव्हा १९५९ साली त्याच परिसरात मुक्त औद्योगिक क्षेत्र स्थापन करण्यात आले. आज जगातील मोठ्या विमानतळांच्या उत्पन्नात दुकाने व उपाहारगृहे यांचा वाटा लक्षणीय असतो. म्हणजेच प्रवाशाने आपल्या वेळेचा उपयोग स्वतः केला नाही, तर तो करून घेण्यास दुसरे तयारच असतात.

मग प्रवाशाने काय करावे? प्रथम साधे गणित मांडावे. आठ तासांचा मुक्काम म्हणजे आठ मोकळे तास नव्हेत. विमानतळाबाहेर पडण्यास एक तास, शहरात जाण्यायेण्यास दोन तास आणि पुढील विमानापूर्वी परत येऊन तपासणीसाठी राखलेले दोन तास वजा केले, तर हाती तीनच उरतात. पाच तासांच्या मुक्कामात तर बाहेर पडण्याचा विचारच करू नये. बाहेर जावयाचे असल्यास त्या देशाचा प्रवेशपरवाना लागतो काय, याची चौकशी घरूनच करावी. संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकच असेल, तर सामान सहसा थेट अखेरच्या मुक्कामी जाते. तिकिटे वेगवेगळी असतील, तर ते मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागण्याचा संभव असतो. अमेरिकेत तर पहिल्याच विमानतळावर सामान स्वतः घेऊन तपासणीतून न्यावे लागते. या गोष्टी निघण्यापूर्वी ठाऊक असल्या की अर्धी धास्ती कमी होते.

विमानतळाच्या आतही पाहण्यासारखे पुष्कळ असते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर फुलपाखरांचे उद्यान आहे. पुरेसा अवधी असलेल्या प्रवाशांसाठी विनामूल्य शहरदर्शनाची सोयही तेथे आहे. मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये, २०१४ पासून, भारतीय कलेच्या हजारो वस्तूंचा संग्रह मांडलेला आहे. परंतु त्यासमोरून घाईने जाणारेच अधिक. ज्यांना यांपैकी काही नको असेल, त्यांनी घड्याळ मुक्कामाच्या वेळेनुसार लावावे, थोडे चालावे, पाणी प्यावे, झोप काढावी, राहिलेले पत्र किंवा पुस्तक पुरे करावे. विश्रांती हाही वेळेचा सदुपयोगच आहे, हे आपल्याकडील कष्टाळू माणसांना पटवून द्यावे लागते.

येथवर उपदेश झाला. पण हा उपदेश कोणाला करता येतो? विमानतळावरील प्रवाशाजवळ दोन गोष्टी असतात: पुढील विमानाची वेळ त्याला ठाऊक असते आणि त्याचे ओझे दुसऱ्याच्या जबाबदारीवर असते. वेळेची निश्चिती आणि भारापासून मुक्ती, या दोन गोष्टी असतील तरच थांबण्याचे रूपांतर फुरसतीत होते. त्या नसतील, तर माणूस कितीही उद्योगी असो, तो नुसता खोळंबून राहतो. गाडीला किती उशीर आहे हे न सांगणारे स्थानक आणि विमानाची वेळ वारंवार पुढे ढकलणारी कंपनी प्रवाशाचे तास तर घेतातच, शिवाय त्या तासांचा उपयोगही हिरावून घेतात.

आमच्या भागाला हा अनुभव नवा नाही. जवळचे मनमाड हे मोठे जंक्शन. दौंडकडे किंवा औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, या मार्गाने जाणाऱ्यांनी तेथील फलाटावर गाडी बदलण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली आहे. प्रतीक्षालय, सामान ठेवण्याची खोली, पिण्याचे पाणी, पुस्तकांचा गाडा ही रेल्वेची जुनी व्यवस्था म्हणजे त्या दोन अटींची साध्या माणसासाठी केलेली पूर्तताच होती. तिची उपेक्षा करणे म्हणजे फुरसत ही केवळ विमानाने जाणाऱ्यांची मिरासदारी मानणे होय.

आता लासलगावच्या बाजार समितीकडे वळू. योगायोग असा की तीही १९४७ सालचीच. कांद्याने भरलेला ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी रांगेत उभा राहतो. लिलाव, मग भुईकाट्यावर वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करणे आणि शेवटी हिशेबाची पट्टी, असा त्याचा दिवस जातो. आपला क्रमांक केव्हा येईल हे त्याला नेमके सांगता येत नाही आणि माल सोडून त्याला हलता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, तेव्हा जिल्ह्यातील लिलाव काही दिवस बंदच राहिले. त्या दिवसांचे वेळापत्रक कोणत्याही फलकावर लागले नव्हते. शेतकऱ्याचा कांदा मात्र थांबत नाही. तो सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. विमानतळावरील खोळंब्यात प्रवाशाचा वेळ जातो, येथील खोळंब्यात वेळेबरोबर मालही जातो.

या वेळेची किंमत कोणत्याही पट्टीवर लिहिलेली नसते. तोलाई व हमालीची नोंद होते. रांगेत गेलेल्या तासांची होत नाही. जे मोजले जात नाही ते फुकट समजले जाते, आणि जे फुकट समजले जाते त्याची उधळपट्टी होते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. येण्याची वेळ आगाऊ ठरवून देणे, रांगेतील क्रमांक भ्रमणध्वनीवर कळविणे, मालावर देखरेख ठेवणे, सावली, पाणी व वाचनाची जागा देणे, या गोष्टींना विमानतळाएवढा खर्च येत नाही.

विद्यार्थ्यांना आपण वेळेचे मोल जाणण्यास सांगतो, ते योग्यच आहे. परंतु समाजाची परीक्षा वेगळी आहे. जो समाज दुसऱ्याच्या वेळेचे मोल जाणतो, त्याच्याकडे थांबलेला माणूस काही शिकून, काही पाहून, निदान विसावून पुढे जातो. जो जाणत नाही, तो आपल्या माणसांना नुसते उभे ठेवतो. सिंगापूरला थांबलेल्या आईवडिलांना जी सोय मिळते, तिचा थोडा अंश त्यांच्याच शेतातील कांदा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या भावालाही मिळाला पाहिजे.