बोलायला काय शिकायचे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी राळेगाव तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. साडेसहा एकर रान, कपाशी आणि तूर. मुलगी बी.ए. झालेली. तिला मुक्त विद्यापीठातून वृत्तपत्रविद्या आणि जनसंवाद शिकायचा होता, आणि घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस चालली होती.

"सायेब, तुम्हीच सांगा हिले," बाप म्हणाला. "बोलाले काय शिका लागते? तोंड तं देवानं देलंच आहे."

"तुमाले चारचौघांत बोलता येत असतं," आतून माउलीचा आवाज आला, "तं एका कागदासाठी चार खेपा झाल्या असत्या का?"

मी चहा संपवला आणि गप्प बसलो. उत्तर तिथे सुचले नाही, ते इथे देतो.

मी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो. 'विस्तार शिक्षण' हा विषय आम्हाला होता. संदेश देणारा, संदेश, माध्यम, संदेश घेणारा, हे सारे पाठ करून मी चांगल्या गुणांनी पास झालो. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर ज्वारीच्या बीजप्रक्रियेवर तासभर बोललो. काणी येऊ नये म्हणून किलोभर बियाण्याला 300 मेश गंधक 4 ग्रॅम चोळायचे. माणसे माना डोलवत होती. मी खुशीत वहीत 'सभा यशस्वी' असे लिहिले.

त्या हंगामात पोडावर ज्वारीला काणी आलीच. एका म्हातारीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "तोलायचं कशानं होतं, बाबू?" चार ग्रॅम तोलणारा काटा साऱ्या पोडावर नव्हता, आणि माझे निम्मे मराठी तर त्यांच्या कोलामी कानांवरून गेले होते. पुढच्या वर्षी भाषण केलेच नाही. बियाणे, गंधक आणि मडके घेऊन गेलो, दवाखान्यातल्या माणसाकडून एकेका पुड्यात वजन करून नेले, एकदा करून दाखवले आणि मग त्या म्हातारीलाच सर्वांसमोर करायला लावले. ती कोलामीत काय बोलली ते मला कळले नाही, पण बायका हसल्या आणि पुढे सरसावल्या.

पुस्तकातला 'संदेश घेणारा' म्हणजे कोण, हे मला तिथे कळले. घेणाऱ्याने उलट विचारले नाही तर देणाऱ्याला आपले चुकले कुठे, हे कधीच समजत नाही.

ही गोष्ट काही मी शोधलेली नाही. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला होता, तोही आपल्या मराठी मुलखात. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत पंधरा-वीस जणांची श्रोतामंडळे केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून चर्चा, आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली होती. जिथे नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हते, तिथे ती थोडीच वाढली. 1959 पासून ही मंडळे देशभर सुरू झाली.

इतके ठाऊक असून आपल्या जिल्ह्याने 2017 साल पाहिले. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. कारणे अनेक होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दमट ऊन, दोन-तीन औषधे एकत्र करण्याची सवय, जोराच्या धारेचे पंप, अंगावर ना मास्क ना हातमोजे. पण एक कारण माझ्या खात्यातले आहे. मी त्या वर्षीही पत्रके वाटली होती आणि रजिस्टरवर सह्या घेतल्या होत्या. नंतर एका फवारणी करणाऱ्या मजुराला डब्यावरचा हिरवा त्रिकोण दाखवून विचारले. "हिरवा म्हणजे पिकाले चांगला," तो म्हणाला. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे विषाच्या तीव्रतेचे उतरते रंग आहेत. हिरवासुद्धा विषच, फक्त कमी तीव्र. एवढे त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितले नव्हते. त्या कोणीमध्ये मीही आलो.

तेव्हा बोलायला शिकावे लागते. अमेरिकेत तालुक्याच्या गावी असतात तशी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे आहेत. तिथे सुताराला आणि नर्सलाही पुष्कळदा चारचौघांत बोलण्याचा विषय घ्यावा लागतो. आपल्याकडे त्याच्या जवळचे म्हणजे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. स्थापना 1989 ची, पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, आणि ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. पुस्तके मराठीत मिळतात, अभ्यासकेंद्र जवळच्या कॉलेजात असते आणि घरचे काम सांभाळून शिकता येते. यंदा कोणते अभ्यासक्रम चालू आहेत, पात्रता आणि फी किती, हे केंद्रावर स्वतः जाऊन विचारावे. चौकातल्या एजंटाला पैसे देऊ नयेत. नोकरीची हमी मात्र कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. बापाची पोटापाण्याची काळजी खोटी नाही, म्हणून मुलीने शिकता शिकता काही कमवावे, हे मीही तिला सांगितले.

मुलीने फॉर्म भरला. मी तिला आमचे फवारणीचे एक जुने पत्रक दिले आणि मजुरांना वाचून दाखवायला सांगितले. आठ दिवसांनी ते परत आले तेव्हा 'प्रादुर्भाव', 'शिफारशीत मात्रा', 'आर्थिक नुकसानीची पातळी' या शब्दांभोवती तांबड्या पेन्सिलीचे गोल होते. "काका, हे कोणासाठी लिहिलं?" तिने विचारले.

आम्ही दोघांनी बसून ते आठ ओळींत आणले. बापाला वाचायला दिले. सहाव्या ओळीला तो अडखळला. तोही शब्द काढला.