पहिला पट्टा स्वस्तातला घ्या

कोल्हापुरात माझं सलून आहे. गिऱ्हाइकाच्या गालावर आम्ही आता अर्धं ब्लेड घातलेला वस्तराच चालवतो. ब्लेड एकदा वापरायचं आणि टाकायचं. एड्सची भीती गावोगाव पोचली तेव्हा ही रीत पक्की झाली, आणि ती बरोबरच आहे. मात्र तिच्यापायी आरशाशेजारी टांगलेला, वस्तरा घासायचा चामड्याचा पट्टाही गेला. माझी स्वतःची दाढी मी अजून अखंड पात्याच्या वस्तऱ्यानेच करतो, आणि हल्ली तशीच हौस असलेली पोरं 'पट्टा कुठला घेऊ?' म्हणून विचारायला येतात. बहुतेकांनी मोबाइलवर हजारो रुपयांचा परदेशी पट्टा हेरून ठेवलेला असतो. मी म्हणतो, थांब भावा. पहिला पट्टा तू कापणार आहेस.

नवशिक्याच्या हातून पट्टा कापला जातोच. परततानाचा वळसा चुकतो, पात्याचं टोक चामड्यात घुसतं आणि चंद्रकोरीसारखा तुकडा उचलला जातो. ज्याच्या हातून हे झालं नाही असा कारागीर मला भेटलेला नाही. म्हणून पहिला पट्टा स्वस्त हवा. फक्त तो खऱ्या चामड्याचा हवा, एवढं बघायचं.

पट्टा करतो काय, ते आधी समजून घेऊ. दाढीचा केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ, तरी धार मरते कशी? 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडनं केस कापून बघितले. केस वाकून धारेला तिरका भिडला आणि नेमकी तिथं पोलादात कमजोर जागा असली, तर धारेचा बारीक टवका उडतो, असं त्यांना दिसलं. वस्तऱ्याच्या धारेचेही रोज असेच हाल होतात, शिवाय ओलाव्यानं ती मळते ती वेगळीच. साधं चामडं पोलाद फारसं खात नाही. ते धार पुसतं, सरळ करतं, गुळगुळीत करतं. म्हणून पट्टा दर दाढीआधी, आणि दगड काही महिन्यांतून एकदा. बोथट झालेला वस्तरा पट्ट्यावर कितीही ओढा, त्याला दगडच दाखवावा लागतो.

आता खरेदी. आमच्या कोल्हापूरकरांचं इथं नशीब चांगलं आहे. चपलांसाठी म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची परंपरा इथलीच. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. अशा झाडपाल्यात कमावलेल्या कातड्याला अंग असतं. ते टणक असतं, ताणलं तरी लांबत नाही, आणि वस्तऱ्याला हवी तेवढी ओढ देतं. रसायनात, म्हणजे क्रोममध्ये कमावलेलं कातडं पर्स-जॅकेटला झकास. पट्ट्याला बहुधा ते मऊ पडतं; पातं दाबलं की खाली दबतं आणि धारेच्या कडेवर गुंडाळी मारतं. कडा गोल झाली की वस्तरा ओढायला लागलाच म्हणून समजा.

दोन्हीतला फरक दुकानात उभ्या उभ्या कळतो. पट्टीची कापलेली कड बघा. झाडपाल्याचं कातडं आतबाहेर तपकिरी दिसतं, क्रोमचं पोट बऱ्याचदा निळसर-करडं असतं. वरच्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. नुसत्या कमावलेल्या कातड्यात तो हळूहळू जिरतो आणि डाग गडद होतो. थेंब तसाच डुलत राहिला तर वर रंगाचा किंवा प्लास्टिकचा थर चढवलेला आहे. रेक्झिन तर हाताला लागताच ओळखू येतं. दुकानदार 'शंभर टक्के लेदर' म्हणेल, पण स्प्लिट म्हणजे खालचा केसाळ थर देईल, तोही नको. वरची गुळगुळीत बाजूच वस्तऱ्याला लागते.

मापाचं सांगायचं तर रुंदी अडीच ते तीन इंच, जाडी साधारण तीन मिलिमीटर. वस्तऱ्याचं पातं सुमारे तीन इंचांचं असतं, त्यामुळे पट्टा तेवढाच रुंद असला तर हात सरळ जातो. अरुंद असला तर तिरका हात मारायची सवय लावावी लागते. लांबी दीड-दोन फूट पुरे. तळव्याचं कातडं मागू नका, ते फार ताठ असतं. कंबरपट्ट्याचं मागा, आणि कारागिराकडून एका टोकाला कडी बसवून घ्या. मागं कॅनव्हास किंवा जाड सुती कापडाची पट्टी असली तर उत्तम. आधी कापडावर, मग चामड्यावर. जिथं टांगायला जागाच नाही, तिथं लाकडी फळीवर चिकटवलेला पट्टा चालेल.

नवा पट्टा थोडा खरखरीत असतो. तो टेबलावर पसरून काचेची बाटली त्याच्यावर दाबून फिरवा. मग रोज तळहातानं घासा. हाताची ऊब आणि अंगचं तेल हेच त्याचं खरं खाद्य. तेल ओतायची घाई नको. खोबरेलाचा हात फिरवून पट्टा 'मऊ' करणारे मी पाहिले आहेत. तेलकट पट्ट्यावर पातं घसरतं आणि पकड जाते. पट्टा अगदीच वाळून खडखडला, तर बोटाच्या टोकावर मावेल इतकंच नीट्सफूट, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं चामड्याचं तेल, तेही वर्षातून एखाद्या वेळी.

पट्ट्यावर हात मारताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली असावीत, आणि पुढं जाताना पाठ आघाडीवर, धार मागून. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवर लोळवून उलटा करा; धार उचलून वळवली की पट्टा कापलाच. पट्टा ताणून धरा, वस्तरा मात्र हलका ठेवा. सिनेमात दाखवतात तसा फटाफट हात मारण्याचं काही अप्रूप नाही. हिरवी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, पोलाद खाते. ती हवीच असेल तर वेगळ्या कापडावर लावा. रोजच्या चामड्यावर एकदा बसली की निघत नाही.

आमच्या भागात खरा शत्रू पावसाळा. न्हाणीघरात टांगलेल्या पट्ट्यावर आषाढ-श्रावणात बुरशी येतेच. पट्टा बाहेरच्या खोलीत, वारा लागेल असा सरळ टांगावा. घडी घातली तर मोड कायमची राहते. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा, कडक उन्हात घातला तर तो वाकडा होतो. वस्तराही पट्ट्यावर नेण्याआधी कोरडा पुसा, नाहीतर ओल चामड्यात जाते आणि गंज धारेवर चढतो.

बारीक कापा पडला तर फार बारीक पॉलिश पेपरनं कडा सपाट करा, पट्टा पुढं वर्षानुवर्षं चालेल. खोल कापा पडला तर पट्ट्याचा धड राहिलेला भाग कापून लाकडाच्या फळीला चिकटवा आणि त्याच्यावर ती हिरवी पेस्ट लावा. स्वयंपाकघरातल्या सुरीला तो अजून बरीच वर्षं कामाला येईल.