घासू नका, कापा

जळालेल्या ड्रिलांचा डबा फॅब्रिकेशनच्या बहुतेक शेडमध्ये सापडतो. एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, पट्ट्यांवर दिवसभर बिनतक्रार चाललेले ड्रिल एसएसच्या, म्हणजे स्टेनलेसच्या, ३ मिमी पट्टीवर टेकवले की काही सेकंदांत किंचाळू लागते. धूर निघतो, टोक निळे पडते आणि पट्टीवर भोकाऐवजी आरशासारखा चकाकणारा खळगा उरतो. मिस्त्री म्हणतो, ‘मटेरियल हार्ड आहे.’ त्या क्षणी ते खरेच असते. पण दहा सेकंदांपूर्वी ते तसे नव्हते. ते हार्ड केले ड्रिलनेच.

रेलिंग, किचन ट्रॉली, डेअरीच्या टाक्या अशा ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. कारखान्यातून येते तेव्हा ही शीट फारशी कठीण नसते. तिची ब्रिनेल कठीणता कमाल २०१ असावी, असे प्रमाण आहे. साध्या हायस्पीड स्टीलचे ड्रिलही त्याहून कितीतरी कठीण असते. अडचण अशी की या धातूला दाबले, वाकवले किंवा घासले की त्या जागी त्याची अंतर्गत रचना बदलते आणि तो भाग कडक होतो. याची खूण घरीच पाहता येते. ३०४च्या सिंकच्या सपाट भागाला लोहचुंबक चिकटत नाही, पण जिथे पत्रा खोल ओढून वळवलेला असतो त्या कोपऱ्यात तोच चुंबक थोडा ओढ घेतो. ताण सोसलेल्या जागी चुंबकाला प्रतिसाद देणारी, जास्त कठीण रचना तयार झालेली असते. बोथट ड्रिल भोकाच्या तळाशी नेमके हेच करते. कापायचे सोडून घासते आणि पुढच्या फेऱ्यासाठी स्वतःच भिंत बांधून ठेवते.

दुसरा शत्रू उष्णता. स्टेनलेसमधून उष्णता साध्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वेगानेच वाहते. कापताना निर्माण झालेली उष्णता पट्टीत पसरत नाही, ती धारेपाशी साचते. म्हणून पट्टी हाताला कोमट लागत असताना ड्रिलचे टोक मात्र जळून गेलेले असते.

इतिहासाची थोडी उजळणी इथे कामाची आहे. शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली बनवलेले स्टेनलेस सुऱ्या-काट्यांच्या कामाचे होते, त्यात निकेल नव्हते. आज आपल्याला छळणारा निकेलयुक्त प्रकार जर्मनीतल्या क्रुपच्या प्रयोगशाळेतून, १९१२च्या सुमारास आला. त्याला भेदणारे हत्यार मात्र आधीच तयार होत होते. अमेरिकेत स्टीव्हन मोर्सने १८६३ मध्ये पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले होते. शतक संपता संपता फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टीलमध्ये असे हत्यारी पोलाद घडवले, की जे तापून लालबुंद झाले तरी धार सोडत नसे. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या लेथवरचे टूल लाल होऊनही कापत राहिलेले लोकांनी पाहिले. आजचे ‘एचएसएस’, म्हणजे हायस्पीड स्टील, हे त्याच घराण्यातले.

सर्रास मिळणारे एचएसएस म्हणजे एम २, त्यात टंगस्टन आणि मॉलिब्डेनम असते. धार नवी असेल आणि तेल असेल, तर एसएसमध्ये चार-दोन भोके तेही पाडते. पण काम रोजचे असेल तर एम ३५ घ्यावे. त्यात ५ टक्के कोबाल्ट असते आणि त्यामुळे तापल्यावरही कठीणपणा जास्त टिकतो. ८ टक्के कोबाल्टचे एम ४२ आणखी कठीण, पण तेवढेच ठिसूळ. हातातल्या मशीनच्या हिसक्याने ते मोडते, म्हणून ते बेंच ड्रिलवरच बरे. माझे मत विचाराल तर छोट्या शेडला एम ३५ पुरते.

सोनेरी रंगाने भुलू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. तो रंग टायटॅनियम नायट्राइडच्या काही मायक्रॉन जाडीच्या थराचा असतो. चांगल्या ड्रिलवरचा तो थर उपयोगी असतोच, पण धार लावायला ग्राइंडरवर धरले की टोकावरून निघून जातो. कोबाल्ट धातूतच मिसळलेला असल्याने कितीही वेळा धार लावली तरी तो तिथेच राहतो. स्वस्त ड्रिलवर नुसता रंगही चढवलेला असतो. म्हणून रंग पाहू नये, शँकवरचा, म्हणजे मशीनमध्ये धरण्याच्या दांड्यावरचा, शिक्का वाचावा: एम ३५, एचएसएस-ई किंवा एचएसएस-सीओ ५.

धातूइतकेच महत्त्व टोकाला आहे. साध्या ड्रिलचे टोक ११८ अंशांचे असते. त्याच्या अगदी मध्यावर एक आडवी बोथट कड असते. ती कापत नाही, धातूला नुसती रेटते. एमएस ते रेटणे सहन करते, एसएस तिथेच कडक होते. म्हणून एसएससाठी १३५ अंशांचे, स्प्लिट पॉइंट टोक लागते. त्यात ती आडवी कड दोन्ही बाजूंनी तासून मध्यापर्यंत धार आणलेली असते. ड्रिल घसरत नाही, दाब कमी लागतो आणि लहान भोकाला आधी बारीक भोक पाडावे लागत नाही. सेंटर पंचही हलकाच मारावा, कारण हातोड्याचा जोरदार घाव भोकाची जागाच आधी कडक करून ठेवतो.

योग्य ड्रिलही चुकीच्या वेगाने जळते. बाजारातली १० मिमीची हातमशीन मोकळी फिरताना मिनिटाला अडीच हजारांच्या पुढे फेरे घेते. कोबाल्ट ड्रिलला ३०४मध्ये धारेचा वेग मिनिटाला सुमारे १२ मीटर पुरतो. सोपा हिशेब असा: ३,८०० भागिले ड्रिलचा व्यास मिलिमीटरमध्ये. म्हणजे ३ मिमीला सुमारे १,२७० फेरे, ६ मिमीला ६३०, १० मिमीला ३८०. ट्रिगर पूर्ण दाबायची सवय इथे सोडावीच लागते.

वेग कमी, पण दाब मात्र ठाम. बेंच ड्रिलवर ६ मिमीचे ड्रिल ६३० फेऱ्यांनी फिरते आहे आणि प्रत्येक फेऱ्याला ०.१ मिमी आत जाते आहे, असे धरा. ३ मिमीची पट्टी पाच सेकंदांच्या आतबाहेर आरपार होते. दोन्ही पन्हाळींतून सारखे, चंदेरी किंवा फिकट पिवळसर वेटोळे वर येऊ लागले की समजावे, दोन्ही धारा कापत आहेत. वेटोळ्यांऐवजी भुकटी आली, वेटोळे एकाच बाजूने आले किंवा आवाज बारीक होत गेला, तर तत्क्षणी ड्रिल बाहेर काढावे. भोकात ते जागच्या जागी फिरत ठेवणे सर्वांत वाईट. कटिंग ऑइल सुरुवातीपासूनच घालावे. टोक तापल्यावर घातलेल्या तेलाचा धूरच होतो.

भोक १२ मिमीचे हवे असेल तर आधी ४ मिमी आणि मग थेट १२, इतके बस. एकेक मिलिमीटरने वाढवत गेल्यास दरवेळी ड्रिलचे फक्त कोपरे कापतात आणि तेच झिजतात. एक मिमीच्या पातळ पत्र्याला हे ड्रिल नकोच. ते पत्र्यात अडकून तो वर खेचते आणि भोक वेडेवाकडे होते. तिथे पायऱ्यांचे स्टेप ड्रिल घ्यावे, खाली लाकूड ठेवून. पत्रा हाताने धरू नये, क्लॅम्प लावावा, हातमोजे काढावेत आणि डोळ्यांवर चष्मा असावा. अडकलेल्या पत्र्याने बोट कापायला क्षणही लागत नाही.

कार्बाइडच्या ड्रिलचे काय? कडक झालेला खळगा ते कापते, पण त्याला न हलणारे मशीन आणि घट्ट बांधलेला जॉब लागतो. हातमशीनला लावले तर धार कापण्याआधी तुटते. आणि भिंतीचे ड्रिल, टोकाला कार्बाइड असले तरी, एसएसला लावूच नये. ते वीट-काँक्रीट फोडण्यासाठी घडवलेले असते, त्याला धातू कापणारी धारच नसते. खळगा कडक झालाच असेल, तर नवे धारदार कोबाल्ट ड्रिल घेऊन, जमल्यास उलट बाजूने, कमी वेगाने सुरुवात करावी.

म्हणून पुढच्या वेळी हार्डवेअरच्या दुकानात ‘एसएसचे ड्रिल द्या’ एवढेच म्हणू नका. ‘एम ३५, १३५ अंश, स्प्लिट पॉइंट’ असे मागा, शँकवरचा शिक्का उजेडात वाचा आणि त्याच पिशवीत कटिंग ऑइलची बाटली घ्या. हा संच एसएससाठी वेगळा ठेवा. एमएसवर वापरलेल्या ड्रिलला चिकटलेले लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतले, तर काही आठवड्यांत त्याच भोकाभोवती गंजाचे डाग उमटतात.