शोधयंत्राला प्रश्न केव्हा विचारावा?

चातुर्मासात आमच्या सूनबाईंनी मोबाइलवर विचारले, ‘कांदा-लसूण न घालता ग्रेव्ही कशी करावी?’ समोर आलेल्या पहिल्याच पाककृतीत दोन कांदे बारीक चिरण्याची सूचना होती. यंत्राने कांदाही वाचला, लसूणही वाचला. ‘न घालता’ एवढेच निसटले.

जुन्या पद्धतीचे शोधयंत्र ग्रंथाच्या अखेरीस असणाऱ्या शब्दसूचीप्रमाणे चालते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, याची नोंद आधीच केलेली असते. आपण शब्द देताच जुळणारी पाने क्रमाने पुढे येतात. सांगलीहून मुंबईला गेलेली हळद आणि मुंबईहून सांगलीला परत आलेली हळद यांतील अंतर व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. सूचीला मात्र तिन्ही शब्द सारखेच.

बोलीतला प्रश्न यंत्राला समजावा, हा प्रयत्न जुना आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत बोरिस कॅट्झ यांनी घडवलेली ‘स्टार्ट’ ही प्रश्नोत्तर-प्रणाली १९९३ च्या डिसेंबरात जाळ्यावर आली. पुढे ‘आस्क जीव्हज’ने संपादक बसवून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे जोडून ठेवली, पण माणसे किती प्रश्नांना पुरणार? २०१९ मध्ये गूगलने ‘बर्ट’ ही पद्धत शोधात आणली. वाक्यातला एखादा शब्द झाकून तो मागच्यापुढच्या शब्दांवरून ओळखण्याचा सराव या यंत्राला दिलेला असतो. त्यामुळे शब्दाचा अर्थ ते संदर्भाने धरते, आणि तो अर्थ आकड्यांच्या रूपात मांडून त्याच्या जवळचा मजकूर शोधते.

‘जवळचा’ हा शब्द लक्षात ठेवावा. कोठारातील डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावे, असा मोकळा प्रश्न असेल तर पूर्ण वाक्यात विचारावे. नेमका शब्द ठाऊक नसला तरी वाट सापडते. परंतु पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक ‘जवळपास’ बरोबर असून चालत नाही. बिलावर तो चुकला की खरेदीदाराचे इनपुट क्रेडिट अडकते, आणि पुढच्या वेळी तो दुसरे दुकान पाहतो. असे क्रमांक जसेच्या तसे लिहावेत. नेमके शब्द हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावेत.

कराच्या दराबाबत तर अधिकच सावध असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले, पण त्यापूर्वीची पाने जाळ्यावर आहेत. त्यांच्या आधारे यंत्राने रचलेले उत्तर भाषेने निर्दोष आणि दराने चुकीचे असू शकते. उत्तराखालचे मूळ पान उघडून तारीख पाहावी. शेवटचा शब्द अधिसूचनेचा वा आपल्या करसल्लागाराचा.

सूनबाईंनी नंतर ‘ग्रेव्ही’ लिहून पुढे कांदा आणि लसूण या शब्दांना चिकटून वजाचे चिन्ह दिले. यादी आखूड झाली. तरीही साहित्य त्या स्वतः वाचतात; ‘प्याज’ लिहिलेली एक पाककृती त्यातूनही आलीच होती.