आधी हवा बाहेर, मग वाफ आत

न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो या शहरांत हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली जाते. तेथील अनेक जुन्या इमारती आजही वाफेने उबदार ठेवल्या जातात. तळघरातल्या बॉयलरमध्ये तयार झालेली वाफ नळातून वर चढते आणि खोल्यांमधल्या बिडाच्या पोकळ रेडिएटरांत शिरते. तेथे तिचे पाणी होते. जुन्या घरांत बऱ्याचदा हे पाणी त्याच नळातून उताराने बॉयलरकडे परत येते. 20 अंश सेल्सिअसचे 1 ग्रॅम पाणी उकळीला आणायला 80 कॅलरी उष्णता लागते. पण 100 अंशांच्या 1 ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 540 कॅलरी बाहेर पडतात. खोलीला ऊब मिळते ती मुख्यतः या अप्रकट उष्म्याची.

आता समजा, बॉयलर नीट चालू आहे, नळ तापला आहे, रेडिएटरची चावीही पूर्ण उघडी आहे. तरी रेडिएटर गारच आहे. बिघाड कोठे असेल?

उत्तरासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहू. एका बाटलीच्या तोंडात नरसाळे ठेवून भोवतालची फट भिजवलेल्या कणकेने बंद करा. नरसाळ्यात भरभर पाणी ओता. थोडे पाणी आत जाते आणि मग थांबते. कणकेला दाभणाने भोक पाडताच पाणी पुन्हा उतरू लागते. बाटली रिकामी नव्हती, हवेने भरलेली होती! आपला रेडिएटरही तसाच भरलेला आहे.

मग बॉयलरचा दाब वाढवला तर? हिशेब करून पाहू. वातावरणाचा दाब दर चौरस इंचाला 14.7 पौंड असतो. त्यावर 2 पौंड वाढवले, तर बॉईलच्या नियमानुसार कोंडलेल्या हवेचे आकारमान मूळच्या 14.7/16.7, म्हणजे 88 टक्के होईल. वाफेला जागा मिळेल ती जेमतेम आठव्या भागाएवढी. इंधन जास्त जळेल, खोली मात्र थंडच राहील. हवेला बाहेरची वाट देणे हाच खरा उपाय.

ही वाट देते रेडिएटरच्या कडेला बसवलेली एक छोटी झडप, एअर व्हेंट. तिने हवा सोडायची, पण वाफ अडवायची. दोन्ही वायूच, मग त्यांतला फरक तिला कळतो कसा? तापमानावरून! एका प्रकारच्या झडपेत पातळ पत्र्याची बंद डबी असते. तिच्यात पाणी व अल्कोहोल यांचे थोडे मिश्रण असते, आणि ते 100 अंशांच्या आधीच उकळते. गार हवा जाते तोवर डबी शांत असते. वाफ पोहोचली की मिश्रण उकळते, डबीचा तळ फुगतो आणि वरची सुई भोक बंद करते. बॉयलर थांबल्यावर वाफेचे पाणी होते. सुमारे 1.7 लिटर वाफेचे जेमतेम 1 मिलिलिटर पाणी! आत पोकळी होते, झडप निवून उघडते आणि हवा परत आत येते. जणू रेडिएटर श्वासोच्छ्वास करतो.

ही झडप रेडिएटरच्या माथ्यावर का नसते? गरम पाण्याच्या रेडिएटरमध्ये हवा काढण्याची चावी वरच असते, कारण हवा पाण्यापेक्षा हलकी. येथे मात्र उलटे आहे. 100 अंशांच्या 1 लिटर वाफेचे वस्तुमान सुमारे 0.6 ग्रॅम, तर 20 अंशांच्या हवेचे 1.2 ग्रॅम. वाफ वर जाते, हवा खाली उरते. म्हणून झडप मध्यावर किंवा त्याखाली बसवतात. अगदी तळाशी नाही, कारण तेथे पाणी असते.

गंज किंवा क्षार साचून झडप बंद अवस्थेत अडकली, तर रेडिएटर गार राहतो. उघडी अडकली, तर खोलीत वाफ आणि पाणी फुसफुसत राहते. दोन्ही वेळी ती बदलणे सोपे असते. बॉयलर बंद करून रेडिएटर पूर्ण निवू द्यावा. वाफेने भाजलेले फार वाईट. जुनी झडप डावीकडे फिरवून काढावी. जोर लावला तर आटे आतच तुटतात. नव्या झडपेच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी, पण भोक झाकू नये. मग ती हाताने बसवून, शेवटी पान्याने बेताने आवळून उभी ठेवावी. तिरपी राहिली तर आतले पाणी परत रेडिएटरमध्ये उतरत नाही. बॉयलर सुरू केल्यावर आधी हवेचा हलका सूं असा आवाज येतो आणि वाफ पोहोचताच थांबतो. झडप ठीक असल्याची हीच खूण.

आपल्या घरी रेडिएटर नसतो, पण प्रेशर कुकर असतो. वाफेची सरळ धार येऊ लागल्यावरच शिटी ठेवायची, असे घरोघरी सांगतात. रुग्णालयातल्या ऑटोक्लेव्हमध्येही आधी हवा काढतात. हवा उरली तर दाबमापक 15 पौंड दाखवील, पण आत 121 अंश तापमान होणार नाही आणि उपकरणांवरचे जंतू जिवंत राहू शकतील. दाब दिसला म्हणजे वाफ पोहोचली, असे नव्हे. मुलांना विचारून पाहा: शिटी आधीच ठेवली, तर कुकरमध्ये कोण कोंडले जाते?